लाठीआधी तांब्याभर पाणी



रोह्याच्या श्री धावीर महाराजांचा पालखी सोहळा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दसऱ्याच्या उत्सवात पोलीस बंदुका घेऊन रांगेत उभे राहतात आणि ग्रामदैवताला मानवंदना देतात. खाकी वर्दी, हातात शस्त्र, भोवती तुडुंब गर्दी. तरी कुणाच्या मनात भीती नसते. लहान पोरे बापाच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटतात.

आता तीच वर्दी आणि तीच गर्दी डोळ्यांपुढे आणा. मात्र मधोमध पालखीऐवजी एखादा डोके ठिकाणावर नसलेला माणूस उभा आहे अशी कल्पना करा. मग काय घडते? या सदरात मी एरवी करपा, खोडकिडा, खारजमिनीतले भात यांविषयी लिहितो. आजचा विषय निराळा वाटेल. पण तो आपल्या बांधाबाहेरचा नाही. तुमच्या माझ्या घरात उद्या येऊ शकेल असा आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. पीक कापणी प्रयोगासाठी मी खारेपाटातल्या एका गावी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, पोलीस ठाण्याचेही सांगत नाही; सांगून उपयोग नाही. भात कापून खळ्यावर आले होते. त्या खळ्यात एक पंचविशीचा तरुण हातात कोयता घेऊन उभा होता. मेहनती पोर. दोन वर्षांपूर्वी त्याच्याच शेतात मी चारसूत्री लागवडीचे प्रात्यक्षिक घेतले होते. आठवडाभर त्याला झोप नव्हती, असे त्याची आई सांगत होती. कानात कुणी बोलते, भात पेटवायला माणसे येत आहेत, असे तो म्हणत होता. त्याने कुणालाही ओरखडासुद्धा काढलेला नव्हता. तो आपले खळे राखत होता, एवढेच.

भोवती शे-दीडशे माणसे जमली. कुणी ओरडत होते, कुणी ढेकळे मारत होते, कुणी हसत होते. कुणीतरी पोलिसांना निरोप दिला, "एक वेडा कोयता घेऊन माणसे कापतोय." दोन हवालदार आले. त्यांना जे सांगितले होते तेच मनात धरून ते आले. "कोयता टाक!" असे दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा लाठी चालली. त्याचे उजव्या हाताचे हाड मोडले. मग बैलाच्या दाव्याने त्याला बांधले, पालथा पाडला आणि गाडीत घातला. रात्रभर तो कोठडीत होता. दुसऱ्या दिवशी दवाखाना, मग मनोरुग्णालय. औषधाने तो पाच-सहा महिन्यांत बरा झाला. पण तो हात पुन्हा पूर्वीसारखा वळला नाही. लावणीला आवण उपटायचे म्हटले की त्याला बायकोकडे बघावे लागते. आणि अजूनही रस्त्यात खाकी दिसली की तो शेताच्या वाटेने वळसा घेतो.

वाचकहो, यात हवालदारांचा दोष होता, हे मी लपवीत नाही. पण माझाही होता. मी त्या गर्दीत उभा होतो. मला तो पोरगा माहीत होता. "हा आजारी आहे, गुन्हेगार नाही, मला दोन मिनिटे बोलू द्या," एवढे एक वाक्य मी पुढे होऊन बोललो असतो तर कदाचित तो हात वाचला असता. सरकारी माणूस म्हणून माझे ऐकलेही असते. मी बोललो नाही. ते वाक्य आज उशिरा लिहितो आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. कारण आपल्याकडे अजूनही समजूत अशी, की वेड्याला पोलिसांच्या हवाली केला की त्यांनी काहीही करावे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा संसदेने 2017 साली केला आणि 2018 मध्ये तो अमलात आला. त्याच्या कलम 100 मध्ये पोलिसांचे कर्तव्य लिहिले आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस हद्दीत भटकताना आढळला, किंवा आजारामुळे त्याच्यापासून त्याला स्वतःला अथवा इतरांना धोका आहे असे वाटले, तर ठाण्याच्या प्रमुखाने त्याला संरक्षणात घ्यायचे आहे. शब्द नीट ध्यानात घ्या. अटक नव्हे, संरक्षण. का घेतले हे त्याला किंवा त्याच्या माणसाला सांगायचे. शक्य तितक्या लवकर, आणि उशिरात उशिरा 24 तासांच्या आत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अशा माणसाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. "एक रात्रच तर होती" ही सबब कायद्याला मान्य नाही.

ही तरतूद सहज आलेली नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी कोठडीतल्या स्त्रियांसाठी आणि तुरुंगातल्या मनोरुग्णांसाठी वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजवले. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणे बेकायदा आणि घटनाविरोधी आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याच प्रकरणात 1993 साली दिला. तोवर आपल्या देशात कितीतरी माणसे केवळ आजारी पडली म्हणून गजाआड बसली होती.

मग बळाचा वापर करूच नये काय? तसे नाही. समोर कुणाचा जीव जात असेल तर पोलिसाला धाव घ्यावीच लागेल, आणि तिथे त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पण कायद्याचा जुना दंडक असा आहे, की आवरण्यासाठी लागेल तेवढेच बळ. त्याच्या वर मारलेली एक काठीसुद्धा मार आहे, कर्तव्य नाही. पोलिसांना या विषयाचे शिक्षण वेळोवेळी द्यावे, अशी जबाबदारीही 2017 च्या कायद्याने सरकारवर टाकली आहे. ते शिक्षण प्रत्येक चौकीपर्यंत पोचायला हवे, हे आपण ग्रामसभेतून मागितले पाहिजे. एका हवालदाराच्या वाट्याला कितीतरी गावे असतात, रात्रीचा बंदोबस्त संपवून तो आलेला असतो, आणि कुणीतरी त्याला सांगितलेले असते की वेडा कोयता घेऊन सुटलाय. त्याने काय करायचे, हे त्याला कुणी शिकवले आहे काय?

अमेरिकेत मेम्फिस नावाचे शहर आहे. तिथे 1987 साली पोलिसांच्या गोळीने एक मानसिक आजारी तरुण मरण पावला. गाव हळहळले. पण तेवढ्यावर न थांबता पुढच्या वर्षी, 1988 मध्ये, पोलीस, डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसले. निवडक पोलिसांना 40 तासांचे शिक्षण द्यायचे, आणि अशा प्रसंगी त्यांनाच पाठवायचे, असे त्यांनी ठरवले. शिकवले काय? आवाज खाली ठेवणे, घाई न करणे, ऐकून घेणे, आणि कोठडीऐवजी दवाखान्याची वाट धरणे. ती पद्धत पुढे इतर अनेक शहरांनी उचलली. यात यंत्र नाही, मोठा खर्च नाही. आपल्या गावातली शहाणी म्हातारी माणसे हेच करत आली आहेत.

बुजलेला बैल दावे तोडून उधळला तर तुम्ही काय करता? दहा जण काठ्या घेऊन धावलात तर तो विहिरीत पडेल, नाहीतर कुणाला तरी शिंगावर घेईल. म्हणून धनी एकटाच पुढे जातो, ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि दमाने घेतो. माणूस म्हणजे बैल नव्हे. पण जे भान आपण जनावराच्या बाबतीत ठेवतो, ते माणसाच्या बाबतीत का सुटते? आजाराच्या झटक्यात त्याच्या कानात आधीच आवाजांचा गलका असतो. त्यात दहा जण दहा तऱ्हेने ओरडले की त्याला एकही हुकूम कळत नाही. आपण म्हणतो, "सांगितलेले ऐकत नाही, माजलाय." प्रत्यक्षात तो भ्यालेला असतो. आणि मानसिक आजाराची बहुसंख्य माणसे कुणाच्या अंगावर जात नाहीत. उलट तीच मार खातात.

तेव्हा असा प्रसंग आला तर काय करावे, ते क्रमाने सांगतो. हा भाग कापून ठेवलात तरी चालेल.

पहिली गोष्ट, गर्दी हटवा. पोलीस पाटील, सरपंच किंवा कुणी वडीलधारा माणूस पुढे होऊन लोकांना लांब करो. मोबाईलवर चित्रे काढणाऱ्यांना आधी घरी पाठवा.

दुसरी, घरातले कोयते, विळे, कुऱ्हाड आणि फवारणीची औषधे गुपचूप दूर करा. माणूस बरा नसल्याची पहिली चिन्हे दिसली की त्याच दिवशी हे करावे, झटका येण्याची वाट पाहू नये. कीटकनाशकाचा डबा तर एरवीही कुलपातच हवा.

तिसरी, एकानेच बोलावे. ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशाने. बहीण असेल, मामा असेल, शाळेतला गुरुजी असेल. दहा-बारा हात अंतर ठेवा, त्याची बाहेर पडायची वाट अडवू नका, जमले तर खाली बसा. "असे काही नाही, तुला भास होतोय," असा वाद घालू नका. "तुला भीती वाटतेय, कळतेय मला. मी इथेच आहे. पाणी पितोस काय?" एवढे पुरे.

चौथी, पोलिसांना बोलवावे लागले तर निरोप नीट द्या. 112 क्रमांकावर असे सांगा : "आमचा माणूस आजारी आहे, गुन्हेगार नाही. वय एवढे, दोन रात्री झोप नाही, अमुक औषध चालू होते, ते बंद झाले. हातात कोयता आहे किंवा नाही. कुणी जखमी आहे किंवा नाही. भाऊ त्याच्याशी बोलतो आहे. गाडी भोंगा न वाजवता आणा." रुग्णवाहिकेसाठी 108 लावा. पोलीस आले की घरातल्या एकाने वेशीवरच त्यांना गाठून सगळे सांगावे. माझ्या गोष्टीतला हात मोडला तो लाठीने, पण त्याआधी तो खोट्या निरोपाने मोडला होता.

पाचवी, धरावेच लागले तर पालथे पाडून पाठीवर बसू नका, मान दाबू नका. असे दाबल्याने श्वास कोंडून माणसे दगावतात. कुशीवर वळवा, श्वास चालू आहे ना ते पाहत राहा.

सहावी, ते वेडच आहे असे गृहीत धरू नका. डोक्यात गेलेला मलेरिया, लेप्टोचा ताप, मधुमेह्याची एकदम उतरलेली साखर, यांनीही माणूस बरळतो. रोजची दारू एकाएकी सुटली तर दोन-तीन दिवसांनी भास होतात, झटके येतात. फवारणीनंतर खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक आणि बडबड, ही विषबाधा असू शकते. यातले काहीही असो, वाट दवाखान्याचीच. कोठडीत टाकलेला असा माणूस सकाळपर्यंत जिवंत राहील याचा भरवसा नाही.

पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. पुढे गरज पडली तर ठाणे येथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मानसिक आजाराने जिवाला धोका उभा राहिला तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, हेही त्याच कायद्यात आहे. तेव्हा "आमच्याकडे वेड्यांचा डॉक्टर नाही, परत न्या," असे कुणी म्हणाले तर नम्रपणे पण ठाम उभे राहा. मनाच्या त्रासासाठी सरकारचा 14416 हा फोन रात्रंदिवस चालू असतो. तो फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

एक कानउघाडणी आपली आपणच केली पाहिजे. पोलिसांच्या काठीला नावे ठेवताना भगताच्या काठीकडे डोळेझाक नको. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने, साखळीने बांधणे, छडीने मारणे, हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे 2001 साली आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. 28 माणसे जळून गेली. 2017 च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळी घालायला साफ बंदी केली आहे. गोठ्याच्या खांबाला बांधलेला भाऊ हाही त्याच साखळीतला आहे. घरात कुणी असा छळला जात असेल तर शेजारी पोलिसांना कळवू शकतो, आणि पोलिसांना ती गोष्ट दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावीच लागते.

अनोळखी भटक्याचेही तेच. स्टँडवर, नाक्यावर चिंध्या पांघरून पुटपुटत बसलेला माणूस मुले पळवणारा ठरवायला वेळ लागत नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे निव्वळ अशा अफवेवरून भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. असा माणूस दिसला तर भाकरी द्या, पाणी द्या आणि पोलिसांना कळवा. बेघर रुग्णाची हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेणे हे पोलिसांचे काम आहे. कर्जत हे नाव आपल्याला भाताच्या वाणांमुळे ठाऊक आहे. त्याच कर्जतजवळ वेणगाव येथे डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र आहे. रस्त्यावरचे मनोरुग्ण उचलून आणायचे, औषधपाणी करायचे आणि पत्ता आठवला की घरी पोचवायचे, हे काम डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी स्मिता यांनी 1988 पासून केले आहे. त्यासाठी डॉक्टरांना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी आई चिंध्यांखाली असते, हे आपल्याच जिल्ह्यातल्या त्या केंद्राने दाखवून दिले आहे.

आता एक दुसरी गोष्ट सांगून थांबतो. तीन वर्षांपूर्वी रोह्याकडच्या एका वाडीत एक पन्नाशीचा शेतकरी असाच विळा घेऊन घरात कोंडून बसला होता. या वेळी पोलीस पाटलांनी लोकांना देवळाकडे हाकलले आणि हवालदाराला वाटेतच गाठून सगळी हकीकत सांगितली. हवालदार वयस्क होता. त्याने लाठी गाडीतच ठेवली, टोपी काढली आणि ओट्यावर बसून आतल्या माणसाकडेच तांब्याभर पाणी मागितले. पाणी काही आले नाही. मग तो विचारू लागला, "दादा, यंदा भात कोणते केलेस? वाल पेरलेस काय?" अर्धा तास आतून शिव्या आल्या. मग एकेक उत्तर येऊ लागले. मला बोलावून घेतले होते. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून बियाण्याचे बोललो. दुपार टळली. तीन तासांनी दार उघडले, विळा उंबऱ्यावर ठेवला गेला आणि तो माणूस बहिणीचा हात धरून गाडीत बसला. हवालदाराची जेवणाची वेळ गेली, ठाण्यातून दोनदा फोन आला. पण कुणाचे हाड मोडले नाही.

जाताना मी त्या हवालदाराला विचारले, हे कुठे शिकलात? तो म्हणाला, "साहेब, माझा धाकटा भाऊ असाच होता." एवढे बोलून तो गाडीत बसला. "होता" या शब्दापुढे मी काही विचारले नाही.

प्रत्येक हवालदाराचा भाऊ आजारी पडावा आणि मग त्याने शिकावे, अशी वाट आपण पाहायची काय? खारेपाटातल्या लोकांना बाहेरकाठा ठाऊक आहे. खांड पडल्यावर सगळा गाव माती घेऊन धावतो, पण तोवर खारे पाणी शेतात शिरलेले असते. खेकड्याने पाडलेले बीळ दिसते तेव्हाच ते बुजवावे लागते. झोप उडाली, जेवण तुटले, माणूस एकटा बोलू लागला, संशय घेऊ लागला, औषध मध्येच सोडले. हीच ती बिळे. तेव्हाच आशाताईंना सांगा, दवाखान्यात न्या. आणि येत्या ग्रामसभेत एक विषय मांडा : अशा प्रसंगी गावातून कोण पुढे होणार, पोलिसांना निरोप कोण देणार, गाडी कुणाची, ही तीन नावे ठरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. ठाण्याच्या साहेबांनाही त्या सभेला बोलवा. कुणाला मार बसलाच, तर अलिबागला पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही फुकट मिळतो. पण तक्रारीने मोडलेला हात जोडला जात नाही. म्हणून ती तीन नावे आधी.

माझ्या खळ्यातल्या त्या तरुणाच्या शेतावर मी मागच्या महिन्यात गेलो होतो. भात चांगले आले होते. त्याने डाव्या हाताने लोंबी तोडून मला दाखवली. आम्ही दाण्याचे बोललो, बाकी काही नाही.

पुढील आठवड्यात वालाच्या बियाण्याला जिवाणू संवर्धक कसे चोळावे, त्याविषयी.